अर्ध्या गुणाचा डाव

बुद्धिबळाच्या बाबतीत आपली भाषा दरिद्री नाही. शह आहे, मात आहे, एखाद्या क्षुद्र प्याद्याने राजाला कोंडले तर त्या विजयाचा वेगळा मान राखणारी प्यादेमात आहे, आणि प्रतिपक्षाचा एकटा राजा पटावर उरला म्हणजे डाव जेथे थांबवीत ती बुर्जीही आहे. परंतु दोन तुल्यबळ खेळाडू शेवटपर्यंत झुंजले आणि कोणीच कोणाला हार गेला नाही, तर त्या स्थितीला आपण केवळ एवढेच म्हणतो की, डाव बरोबरीत सुटला. या 'सुटला' शब्दाकडे मी पुष्कळदा कुतूहलाने पाहिले आहे. गाठ सुटते, कोडे सुटते, माणूस संकटातून सुटतो. पण शाळाही सुटते आणि हातातली वस्तूही सुटते. बरोबरीत सुटलेला डाव यांपैकी कोणत्या अर्थाने सुटला, हे ज्याने तो खेळला त्यालाच ठाऊक. बघ्यांच्या लेखी तो बहुधा हातातून सुटलेला असतो.

आमच्या थोरल्या काकांचे मत तर याहूनही कठोर होते. गोव्यातील आमच्या देवस्थानाच्या अग्रशाळेत, संध्याकाळची आरती आटोपल्यावर, ते आणि देवळात पुराण सांगणारे बुवा असे दोघे पट मांडून बसत. सारा खेळ देशी पद्धतीचा. प्यादे एका वेळी एकच घर चालायचे. राजाला शह बसला नसेल तोवर एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा. आणि किल्लेकोट हा प्रकार कोणाच्या स्वप्नातही नाही. अशा खेळात सुरुवात संथ असते. पालखी जशी सभामंडपातून निघून दीपस्तंभापाशी पोहोचेपर्यंत आपला वेळ घेते, तशी दोन्ही सैन्ये सावकाश समोरासमोर येत. पहिली चकमक होईपर्यंत बुवांची सुपारी कातरून व्हायची. आणि डाव रात्री संपला नाही तर बरोबरी मानण्याचा प्रश्नच नसे. पटावर उपरण्याचा पदर झाकून तो तसाच कोनाड्यात उचलून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालवायचा. "निकाल लागल्याशिवाय उठायचे ते कशाला?" असे काका म्हणत, आणि बुवा मान डोलवीत. दोघांचे इतर बाबतींत क्वचितच एकमत होई.

१९७२ साली बॉबी फिशरने आइसलंडमधील रेक्याविक येथे बोरिस स्पास्कीला हरवून जगज्जेतेपद मिळविले, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्या सामन्याची वर्णने येत आणि आम्ही शाळकरी मुले ती कात्रणे जमवीत असू. त्याच सुमारास मुंबईहून आलेल्या एका आप्तांनी मला विलायती नियमांचे एक जुने पुस्तक दिले. त्यातून आंतरराष्ट्रीय पद्धतीने खेळी वाचायला मी शिकलो, आणि पुढे ज्या एका डावाने मला कायमचे बांधून टाकले तो जगज्जेतेपदाच्या सामन्यातला नव्हता. तो होता १९५८ सालचा, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील, आज स्लोव्हेनियात असलेल्या पोर्तोरोझ या समुद्रकाठच्या गावी झालेल्या स्पर्धेतला. पांढरी मोहरी स्वेतोझार ग्लिगोरिचची, काळी फिशरची. आणि निकाल, बरोबरी.

हा डाव समजण्यासाठी तीन वर्षे मागे जावे लागते, आणि त्याहीपूर्वी एका प्याद्याच्या चालीपाशी थांबावे लागते.

सिसिलियन बचावाच्या एका प्रकाराला मिगेल नायडॉर्फचे नाव आहे. हा नायडॉर्फ मूळचा पोलंडमधील ज्यू. १९३९ साली ब्युनोस आयर्स येथे सांघिक स्पर्धा खेळत असताना युरोपात महायुद्ध पेटले, आणि तो अर्जेंटिनातच राहिला. मागे राहिलेले त्याचे कुटुंब नाझींच्या संहारात नष्ट झाले. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात काळा पाचव्या खेळीला वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढील प्यादे एकच घर पुढे सरकवितो. दिसायला ही चाल अगदी देशी खेळातल्यासारखी भिडस्त आहे. तिचा हेतू असा की, शेजारच्या मोक्याच्या घरात पांढऱ्याचा घोडा किंवा उंट येऊन बसू नये. दाराला कडी लावण्यासारखीच ही चाल. मात्र ती कडी लागल्यावर घरात जे वादळ माजते त्याला तोड नाही. या प्रकारात दोन्ही बाजूंचे राजे उघड्यावर येतात, एका चालीचा उशीर प्राणावर बेततो, आणि कोण आक्रमण करतो आहे आणि कोण बचाव, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

१९५५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे आंतरविभागीय स्पर्धेच्या एका फेरीत योगायोगाने तीन अर्जेंटिनी खेळाडूंची गाठ तीन सोव्हिएत खेळाडूंशी पडली. नायडॉर्फ, पानो आणि पिल्निक या तिघांनीही काळ्या मोहऱ्यांनी एकच ओळ ठरवून आणली होती. पांढऱ्याच्या उंटाला प्याद्यांनी हुसकावून लावायचे, त्यासाठी स्वतःच्या राजाच्या पुढची भिंत हाताने पाडायची, आणि मोबदल्यात मधले एक घर घोड्यासाठी मिळवायचे. तीन पटांवर एकाच वेळी तीच स्थिती आली. गेलरने विचार करून आपला घोडा मधल्या प्याद्यावर टाकला. केरेस आणि अवघ्या अठरा वर्षांचा स्पास्की यांनीही तेच केले. घोडा मारल्यावर पांढऱ्याचा वजीर शह देत पुढे आला, काळ्याचा राजा उंटाच्या घरात सरकला, आणि त्यानंतर तिन्ही पटांवर ती विलक्षण चाल आली. पांढऱ्याचा उंट नेमका त्याच घरात जाऊन बसला, ज्या घराला कडी लावण्यासाठी काळ्याने पाचवी खेळी खर्च केली होती! प्याद्याने त्याला खुशाल मारावे. पण उंट बाजूला होताच पांढऱ्याला किल्लेकोट करता येतो, हत्ती मोकळ्या झालेल्या पट्टीवर येतो आणि किल्लेकोटाबरोबरच काळ्या राजाला शह बसतो. आपला राजा सुरक्षित स्थळी जात असताना दुसऱ्याच्या राजावर घाव पडावा, अशी ही एकच चाल. नायडॉर्फ मध्यंतरी गेलरच्या पटापाशी येऊन, तुमचा डाव गेला, आम्ही हे सारे आधीच तपासले आहे, असे म्हणून गेल्याचे सांगतात. प्रत्यक्षात त्या दिवशी तिन्ही अर्जेंटिनी हरले.

त्या दिवसापासून या ओळीला गोथेनबर्गचे नाव चिकटले, पण ते स्मशानावर गावाचे नाव लिहावे तसे. तीन नामांकित खेळाडू एकाच खड्ड्यात एकाच दिवशी पडले, तर चौथा त्या वाटेने कशाला जाईल?

गेला तो पंधरा वर्षांचा मुलगा. मार्च १९४३ मधला जन्म; चौदाव्या वर्षी अमेरिकेचे अजिंक्यपद. १९५८ च्या उन्हाळ्यात बहिणीसह आधी मॉस्को पाहून तो पोर्तोरोझला आला. स्पर्धेत २१ खेळाडू. प्रत्येकाचे २० डाव. त्यांतून पहिले सहा जण जगज्जेत्याला आव्हान देऊ शकणाऱ्यांच्या पुढील स्पर्धेत जाणार. ताल, पेट्रोशियन, ब्रॉनस्टीन यांच्यासारखे नावाजलेले लोक या यादीत असताना पोरसवदा फिशरकडून कोणी फारशी अपेक्षा केली नव्हती. शेवटच्या फेरीला बसताना त्याचे साडेअकरा गुण होते, आणि तेवढ्याच गुणांच्या आसपास अनुभवी खेळाडूंची दाटी झाली होती. हरला तर सारे संपले. अर्धा गुण मिळाला तर आशा. समोर ग्लिगोरिच, वय ३५, महायुद्धात जर्मनांविरुद्ध डोंगरांतून लढलेला माणूस, आपल्या देशाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू, आणि आपल्याच देशात, आपल्याच लोकांसमोर बसलेला.

व्यवहाराने पाहता अशा वेळी काय करायचे ते कोणीही सांगेल. अर्धा गुण हवा असेल तर मोहऱ्यांची अदलाबदल करावी, पट मोकळा करावा, सुरक्षित वाटेने जावे. पुष्कळ मोठे खेळाडू असेच करतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. मला स्वतःला अशा डावांचा कंटाळा येतो, ही गोष्ट वेगळी. फिशरने मात्र पहिल्या खेळीपासून सिसिलियन, मग नायडॉर्फ, मग त्या तिघांच्या पावलावर पाऊल टाकीत थेट गोथेनबर्गचीच वाट धरली. ग्लिगोरिच मागे हटणारा नव्हता. घोड्याचे बलिदान, वजिराचा शह, उंट त्या कडी लावलेल्या घरात. तेरा खेळ्यांपर्यंत सारे तसेच घडले.

आणि मग फिशरने राजाच्या बाजूचा आपला हत्ती एक घर पुढे सरकविला.

एकच घर. पुढचे प्यादे आधीच हलले होते, त्या रिकाम्या जागी हत्ती आला, इतकेच. मी हा डाव पटावर मांडून पाहत असता या चालीपाशी बराच वेळ अडलो, कारण तिच्यात काहीच दिसत नाही. शह नाही, मारा नाही, बलिदान नाही. मग हळूहळू उलगडा होतो. किल्लेकोटाच्या शहानंतर पांढऱ्याचा वजीर ज्या घरात येऊन मात करणार, ते घर आता त्या हत्तीच्या माऱ्याखाली आलेले असते. कोपऱ्यात कोंडलेला हत्ती आडव्या पट्टीवर मोकळा होतो, आणि राजाच्या पुढे कोठेही जाऊन ढाल म्हणून उभा राहू शकतो. तिघा प्रौढांनी जेथे घोड्याच्या किंवा राजाच्या हालचालीने बचाव शोधला, तेथे या मुलाने हत्तीला एक पाऊल पुढे टाकायला लावले.

ग्लिगोरिचने वजीर हत्तीवर नेला. हत्ती राजाच्या समोर, पट्टी अडवून उभा राहिला. वजिराने प्यादे मारीत शह दिला, राजा सरकला. पुन्हा शह, हत्ती मध्ये पडला. आणखी एक प्यादे मारीत तिसरा शह, आणि काळा राजा पटाच्या कोपऱ्यात जाऊन निवांत झाला. वादळ येऊन गेले. पांढऱ्याने किल्लेकोट केला, पण आता वजिराच्या बाजूने, आणि त्यात शह उरला नव्हता. काळ्याचा घोडा पटाच्या मध्यभागी जाऊन बसला; ज्या घरासाठी अर्जेंटिनी मंडळींनी एवढा खटाटोप केला होता, तेच ते घर. थोड्याच वेळात वजीर सोडून राजाच्या वाटेवरचे पांढरे प्यादेही पडले, आणि हिशोब राहिला तो एका घोड्याबद्दल तीन प्याद्यांचा. तराजूची दोन्ही पारडी हलत हलत एका रेषेत यावीत तशी स्थिती. काही खेळ्यांनंतर दोघांनी बरोबरी मान्य केली.

त्याच फेरीत ब्रॉनस्टीनसारखा बलाढ्य खेळाडू फिलिपाइन्सच्या कार्दोसोकडून हरला, आणि फिशरच्या अर्ध्या गुणाला सोन्याचे मोल आले. ताल साडेतेरा, ग्लिगोरिच तेरा, पेट्रोशियन आणि बेंको प्रत्येकी साडेबारा, आणि बारा गुणांवर आइसलंडचा ओलाफसन व फिशर. सहा जण झाले. ब्रॉनस्टीन आणि आणखी चौघे साडेअकरावर, म्हणजे नेमक्या अर्ध्या गुणाने बाहेर राहिले. या पात्रतेबरोबरच फिशर ग्रँडमास्टर झाला, तोवरच्या इतिहासातील सर्वांत लहान वयाचा. आणि त्याची एकंदर कामगिरी पाहिली तर मौज वाटते. ज्याला पुढे जग केवळ जिंकण्यासाठी जन्मलेला माणूस म्हणून ओळखणार होते, त्याने त्या स्पर्धेत सहा डाव जिंकले, दोन हरले आणि बारा बरोबरीत सोडविले.

काकांना हा डाव दाखवावा की नाही, याचा मी काही दिवस विचार केला होता. एका संध्याकाळी बुवा कीर्तनासाठी परगावी गेले होते आणि पट रिकामा होता. काका खांबाला टेकून बसले होते. मी विलायती नियम समजावून सांगत, एकेक खेळी हलवीत गेलो. प्यादे पहिल्याच चालीला दोन घरे जाते हे पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. किल्लेकोटाला तर, "राजाने आणि हत्तीने एकाच वेळी चालायचे, मग दुसऱ्याने काय देवाचे नाव घेत बसायचे?" असा अभिप्राय दिला. पण घोड्याच्या बलिदानापाशी ते सरसावून बसले. गोथेनबर्गच्या तिघांची हकीकत सांगितली तेव्हा तर त्यांनी मला थांबवून पुढचे स्वतः शोधायचे ठरविले. बराच वेळ त्यांचा हात पटावर अधांतरी राहिला. शेवटी मी हत्ती एक घर सरकविला. काकांनी माझ्याकडे पाहिले आणि घरच्या बोलीत एवढेच विचारले, "हें कित्याक?"

मी सांगितले नाही. तेही विचारीत बसले नाहीत. त्यांनी पांढऱ्याची बाजू आपल्याकडे घेतली आणि ग्लिगोरिचची चाल रद्द करून किल्लेकोटाचाच शह दिला. ज्या चालीची त्यांनी थट्टा केली होती तीच! मी राजा हलविला, त्यांनी प्यादे पुढे दाबले, माझा हत्ती राजापुढे आला, आणि त्यांनी आपला हत्ती प्रतिपक्षाच्या गोटात खुपसला. कितीतरी वर्षांनंतर एका पुस्तकात मला कळले की, पुढे अभ्यासकांनी या ओळीचा जो मुख्य मार्ग ठरविला, त्यातील पांढऱ्याच्या पहिल्या तीन खेळ्या याच आहेत. आणि त्यांचा निष्कर्ष असा की, काळ्याने नेमके खेळल्यास पांढऱ्याला अखंड शह देत राहण्यापलीकडे काही साधत नाही आणि काळ्याला त्यातून निसटता येत नाही. त्या रात्री अर्थातच आमच्यापैकी कोणालाही नेमके खेळता आले नाही. दिव्यातले तेल संपत आले तेव्हा पट असा काही गुंतला होता की, कोण वर आहे हे दोघांनाही सांगता येईना. काकांनी उपरण्याचा पदर पटावर टाकला आणि कोनाड्याकडे न्यायला तो उचलला. मग थांबून, पदर काढून, मोहरी एकेक करून पेटीत भरली. "राहू दे," ते म्हणाले. "बुवांना उद्या पट लागेल."

त्यानंतर बुवांबरोबरच्या त्यांच्या डावांत काही फरक पडला असे मात्र मी म्हणणार नाही. पदर झाकून ठेवलेले डाव चालूच राहिले. एक डाव तर पाच दिवस चालल्याचे मला आठवते, आणि तो बुवांनी प्यादेमातीने जिंकला. तरी पण वर्तमानपत्रात कोठे बुद्धिबळाची बातमी आली की काका मला हाक मारून विचारीत, "तो हत्तीवाला मुलगा काय म्हणतो?" फिशर तेव्हा जगज्जेता होता आणि पटावर बसेनासा झाला होता, १९७५ साली त्याने न खेळताच ते पद जाऊ दिले. काकांच्या लेखी तो अखेरपर्यंत पोर्तोरोझचा पंधरा वर्षांचा मुलगाच राहिला.

पोर्तोरोझमधील सहा जण पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, युगोस्लाव्हियातच भरलेल्या आव्हानवीरांच्या स्पर्धेत पुन्हा एकत्र आले. त्यांत केरेस आणि स्मिस्लोव्ह यांची भर पडली. आठ खेळाडू, प्रत्येकाचे २८ डाव. ताल वीस गुण मिळवून पहिला आला. फिशर आणि ग्लिगोरिच दोघांचेही गुण साडेबारा झाले, आणि पाचवे-सहावे स्थान त्यांनी वाटून घेतले.